दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेतील प्रश्न आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. आपल्या ज्ञातीतील कायद्याचे शिक्षण घेणारी मुले आणि मुली अलीकडे दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेकडे वळू लागली आहेत. त्यांच्यापैकी काही जण रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात येतात, माझ्यापुढे पुस्तक ठेवतात आणि म्हणतात, "गुरुजी, आम्हांला प्रश्न विचारा." मी वकील नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेला मनुष्य आहे. परंतु प्रश्न विचारणे हा माझा जन्माचा व्यवसाय, आणि उत्तर पाठ केलेले आहे की समजलेले आहे एवढे ओळखण्यास वकिलीची सनद लागत नाही. तेवढ्याच अधिकारावर मी बोलत आहे.

गुण कसे मिळवावेत हे शिकविणारे वर्ग शहरोशहरी निघाले आहेत. तो प्रांत त्यांचा. मला सांगावयाचे आहे ते निराळे आहे. दिवाणी कायद्याचा प्रश्न म्हणजे कोणाच्या तरी घरातली गोष्ट असते. कर्ज, जमीन, वाटणी, शब्द देणे आणि शब्द फिरविणे, याच त्याच्या वस्तू. ज्या उमेदवाराला प्रश्नातील घर दिसत नाही, त्याला कलमाचा आकडा पाठ असूनही उत्तर सापडत नाही. आणि ज्या कुटुंबाला स्वतःच्या घरातला प्रश्न दिसत नाही, त्या कुटुंबातील मुलाने न्यायासनावर बसण्याची तयारी करावी, हे मला जरा विसंगत वाटते.

प्रथम परीक्षेविषयी थोडक्यात. जागेचे पूर्ण नाव 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग' असे आहे. संविधानाच्या २३४ व्या अनुच्छेदान्वये ही नेमणूक राज्यपाल करतात, ती लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांप्रमाणे. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत अशा तीन पायऱ्या आहेत. तालुक्याच्या गावी सामान्य माणसाला जो पहिला न्यायाधीश भेटतो तो हाच, आणि पुष्कळांना आयुष्यात दुसरा भेटतही नाही. फौजदारी कायद्यांची नावे आणि कलमे १ जुलै २०२४ पासून बदलली, त्यामुळे त्या बाजूची जुनी पुस्तके मुलांना बाजूला ठेवावी लागली. दिवाणी बाजूची कपाटे मात्र तशीच आहेत. कराराचा कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा, दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, मुदतीचा कायदा आणि विनिर्दिष्ट अनुतोषाचा कायदा १९६३ चे. त्यांत दुरुस्त्या झाल्या, पण पाया तोच राहिला. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेले पुस्तकही नातवाला काही अंशी उपयोगी पडावे, असे हे क्षेत्र आहे.

आता प्रश्न कसा असतो ते पाहू. कराराच्या कायद्यात विद्यार्थ्यांना एक जुना निवाडा हमखास शिकविला जातो. अलाहाबादचा, १९१३ सालचा, लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त. गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून नाहीसा झाला. त्यांनी आपला मुनीम लालमन याला मुलाच्या शोधासाठी हरिद्वारकडे धाडले. मुनीम गेल्यावर इकडे मालकाने हस्तपत्रके काढली की, जो मुलाला शोधून देईल त्यास ५०१ रुपये बक्षीस. मुनिमाने मुलगा शोधून काढला. बक्षिसाची गोष्ट त्याला त्या वेळी ठाऊक नव्हती. पुढे ती कळल्यावर त्याने रकमेसाठी दावा लावला.

मी हा प्रश्न वाचनालयात विचारला की बहुतेक मुले मुनिमाच्या बाजूने उभी राहतात. मुलगा कोणी शोधला? मुनिमाने. मग बक्षीस कोणाचे? मुनिमाचे! न्यायालयाने दावा फेटाळला. जो प्रस्ताव आपल्याला माहीतच नाही, तो आपण स्वीकारला असे कसे म्हणावे? शिवाय मुलाचा शोध घेणे ही त्या वेळी मुनिमाची नोकरीच होती. या निकालाने मुले थोडी खट्टू होतात, आणि मला ते चांगले लक्षण वाटते. ज्याला मुनिमाबद्दल काही वाटत नाही त्याने न्यायाधीश होऊ नये. आणि वाटते म्हणून ज्याचा निकाल तेथेच ठरतो त्यानेही होऊ नये. परीक्षकाला दोन्ही तपासावयाचे असते. 'करार कशाला म्हणतात' असे सरळ विचारले असते तर पाठांतराने भागले असते. म्हणून तो मुनिमाची गोष्ट सांगतो.

तसाच दुसरा निवाडा प्रिव्ही कौन्सिलचा, १९०३ सालचा, मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष. अज्ञान मुलाने कलकत्त्यातील घर वीस हजार रुपयांसाठी गहाण लिहून दिले, आणि सावकाराच्या मुखत्याराला मुलगा अज्ञान असल्याचे समजलेले होते. गहाण रद्दबातल ठरले. अज्ञानाचा करार हा मुळात करारच नव्हे, हा नियम तेव्हापासून पक्का झाला. यावर अधिक बोलत नाही. पुस्तकांत भरपूर आहे.

ज्या प्रश्नाविषयी याच व्यासपीठावर बोलले पाहिजे तो निराळा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ९ वे कलम सांगते की, कायद्याने मनाई केलेली नसेल तर दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा दिवाणी न्यायालयाने चालविला पाहिजे. मग 'दिवाणी स्वरूप' म्हणजे काय? येथे परीक्षकांना आपली, म्हणजे ज्ञातिसंस्थांची, हटकून आठवण होते. प्रश्न साधारण असा असतो: ज्ञातीने एका कुटुंबाला पंगतीचे आमंत्रण देणे बंद केले. त्या कुटुंबाला दावा लावता येईल काय? ज्ञातीच्या धर्मशाळेचा वापर बंद केला, तर? ज्ञातीच्या देवस्थानातील त्यांचे वंशपरंपरागत काम काढून घेतले, तर?

उत्तराची किल्ली कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क वादात असेल तर दावा दिवाणी स्वरूपाचा होतो, मग तो हक्क धार्मिक विधींच्या प्रश्नावर सर्वस्वी अवलंबून असला तरी हरकत नाही. पंगतीतले पान हा केवळ मानाचा प्रश्न. त्यासाठी न्यायालयाचे दार उघडत नाही. धर्मशाळेचा हक्क मालमत्तेचा, देवस्थानातील काम पदाचा. तेथे दार उघडते. मुंबई इलाख्यात १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनपासूनच केवळ ज्ञातीच्या प्रश्नांत न्यायालयांनी हात घालू नये असे ठरलेले होते, आणि त्या आडोशाला पुष्कळ ज्ञातींनी पुष्कळ काही केले. आपल्या पूर्वजांनी काय केले याचा हिशेब मी आज मांडत नाही. परंतु उमेदवाराने येथेच थांबू नये. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र अधिनियम केला आणि तो २०१७ पासून अमलात आहे. ज्या वर्तनासाठी पूर्वी दिवाणी दार बंद होते, त्यातील बरेचसे आता गुन्हा ठरते. ज्ञातिसंस्थेचे काम शिष्यवृत्ती, वसतिगृह, वाचनालय हे आहे. माणसाला पंगतीतून उठविणे नव्हे. हे ज्याला पटत नसेल त्याने निदान शिक्षेच्या धाकाने तरी ध्यानात ठेवावे.

आता जमिनीकडे वळू. आपल्यांपैकी बहुतेकांची मुळे खेड्यात आहेत, म्हणून हा प्रश्न बापजाद्यांच्या बोलण्यात कधी ना कधी ऐकलेला असेल. एका शेतकऱ्याने सावकाराकडून रक्कम घेतली आणि जमिनीचे खरेदीखत लिहून दिले. अट अशी की, पाच वर्षांत रक्कम परत केल्यास सावकाराने जमीन परत फिरवून द्यावी. याला आपण मुदतखरेदी म्हणतो. पाच वर्षे उलटली, रक्कम दिली गेली नाही. जमीन गेली काय?

घाईचा विद्यार्थी म्हणतो, गेली. दुसरा घाईचा विद्यार्थी म्हणतो, गेली नाही, हे तर गहाण आहे. दोघांनाही मी विचारतो: अट कोणत्या कागदावर लिहिली आहे? मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या ५८ व्या कलमाला १९२९ च्या दुरुस्तीने एक परंतुक जोडले गेले. परत देण्याची अट त्याच खतात नसेल तर त्या व्यवहाराला गहाण समजता येत नाही. अट निराळ्या कागदावर असेल तर तो परत विकण्याचा करार, आणि त्यात ठरलेली मुदत काटेकोर पाळावी लागते. अट त्याच खतात असली म्हणजे लगेच गहाण ठरते असेही नाही. किंमत बाजारभावाने होती की फारच कमी, ताबा कोणाकडे राहिला, सारा कोणी भरला, हे सर्व पाहून उभयतांचा हेतू ठरवावा लागतो. गहाण ठरले तर मात्र पाच वर्षांची अट सोडवणुकीचा हक्क बुडवू शकत नाही; त्यासाठी मुदतीच्या कायद्याने तीस वर्षे दिली आहेत. एका कागदाऐवजी दोन कागद झाले, एवढ्यावर कुटुंबाची जमीन जाते किंवा राहते.

हा केवळ पुस्तकी काथ्याकूट नव्हे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तो पुढे गावोगाव पसरला, आणि त्यांचा रोख सावकारांच्या कागदांवर होता. खते ओढून काढून जाळण्यात आली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्याचा कायदा आला. त्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयात गेले हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तत्पूर्वी शेतकरी आणि सावकार यांच्या कागदांत त्यांनी वर्षे घालविली, हे आपल्या उमेदवारांनी विसरू नये.

जमिनीचाच एक लहान प्रश्न, पण त्यात पुष्कळ जण अडखळतात. सातबाऱ्यावर नाव आले म्हणजे मालकी आली काय? आपल्या घराघरांत समजूत अशी की, फेरफार मंजूर झाला की सगळे झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १५७ व्या कलमाप्रमाणे नोंद खरी आहे असे गृहीत धरतात, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. नोंद ही महसुलासाठी असते. ती हक्क निर्माण करीत नाही आणि हक्क बुडवीतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. ज्या भावाने बहिणीचे नाव फेरफारातून वगळले त्याने फार काही मिळविलेले नसते, आणि ज्या बहिणीने ते पाहून हाय खाल्ली तिने फार काही गमावलेले नसते.

मुदतीच्या कायद्याविषयी मुलांना कंटाळा असतो. मला मात्र त्यातील प्रश्न सर्वांत सुबक वाटतात. एकाने मेहुण्याकडून उसने पैसे घेतले. साध्या कर्जाच्या वसुलीची मुदत तीन वर्षांची. तिसरे वर्ष संपण्यापूर्वी त्याने पत्र लिहिले, "आपले देणे माझ्याकडे आहे हे मी जाणतो," आणि खाली सही केली. त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू झाली. आता हेच पत्र चौथ्या वर्षी लिहिले असे समजा. शब्द तेच, सही तीच, परंतु उपयोग शून्य. मेलेली मुदत पोचपावतीने जिवंत होत नाही. मात्र चौथ्या वर्षी त्याने "मी आपले पैसे देईन" असे लेखी वचन सहीनिशी दिले, तर कराराच्या कायद्याचे २५ वे कलम त्या वचनाला पुन्हा बळ देते. 'जाणतो' आणि 'देईन' या दोन क्रियापदांत एवढे अंतर! मी भाषा शिकवीत असे, म्हणून मला याचे विशेष कौतुक वाटत असेल. आणखी एक लक्षात ठेवावे. प्रतिवादीने मुदतीचा शब्दही काढला नाही, तरी मुदतीबाहेरचा दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे. न्यायाधीशाला तेथे दयेला जागा नाही, आणि दिरंगाई माफ करण्याचे ५ वे कलम मूळ दाव्यांना लागू होत नाही.

ताब्याचा प्रश्नही असाच. घरमालकाने भाडेकरूला न्यायालयात न जाता बाहेर काढले आणि दाराला कुलूप लावले. भाडेकरूची मुदत संपली होती, भाडे थकले होते, मालक खरा मालक होता. तरीही विनिर्दिष्ट अनुतोषाच्या कायद्याच्या ६ व्या कलमाने सहा महिन्यांच्या आत दावा लावल्यास भाडेकरूला ताबा परत मिळतो, आणि त्या हुकूमनाम्यावर अपीलही नाही. मालकीचा विचार त्या दाव्यात होतच नाही. मालकाने हवा तर मालकीचा वेगळा दावा लावावा. मालकालासुद्धा कायदा हातात घेता येत नाही, हे ज्यांची शहरात दोन-दोन घरे झाली आहेत अशा आपल्या बांधवांनीही ऐकून ठेवावे.

आता ज्या प्रश्नासाठी मी मुख्यत्वेकरून उभा राहिलो त्याकडे येतो. मुलाखतीत आणि पुस्तकांत वारंवार येणारा एक निवाडा आहे, गुरुपाद खंडप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई, १९७८ सालचा, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या काळातला. खंडप्पा १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिराबाईंचा हिस्सा किती? न्यायालयाने सांगितले: खंडप्पांच्या मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असे कल्पावे. त्या वाटणीत पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश. मग खंडप्पांचा चतुर्थांश सहा वारसांत सारखा, म्हणजे प्रत्येकी एक चोविसांश.

मी गणिताचेही तास घेतलेले आहेत, म्हणून मुलांना सोपे करून सांगतो. जमीन चोवीस एकर धरा. हिराबाईंना सहा आणि एक मिळून सात एकर. प्रत्येक मुलाला सात एकर. प्रत्येक मुलीला एक एकर. बेरीज चोवीस. आणि हा निकाल त्या काळी स्त्रियांच्या बाजूचा समजला गेला, कारण विधवेला वाटणीतला हिस्सा आणि वारसाचा हिस्सा असे दोन्ही मिळाले.

पुढे महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्यांना वगळून. मग संसदेने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलासारखीच सहदायाद केले, आणि लग्न झाले की नाही हा भेद उरला नाही. तरी वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत काय, हा वाद पंधरा वर्षे चालला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुलवती प्रकरणात 'हवेत' असे म्हटले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 'गरज नाही, हक्क जन्माने आहे' असे ठरविले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले व्यवहार व वाटण्या मात्र कायम राहतात; आणि 'आमची तोंडी वाटणी पूर्वीच झाली होती' ही नेहमीची तक्रार सार्वजनिक कागदाच्या पुराव्यावाचून सहसा चालत नाही.

आता तेच चोवीस एकर आणि तेच कुटुंब आजच्या कायद्याने वाटा. पती, पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, असे सात हिस्से. मग वडिलांचा सातवा हिस्सा सहांत सारखा. प्रत्येकाला एक सप्तमांश अधिक एक बेचाळिसांश, म्हणजे बरोबर एक षष्ठांश. सहा जणांना चार-चार एकर. मुलीचा एक एकर चारावर गेला आणि मुलाचे सात चारावर आले. आपल्या घरांत या विषयावर जे मौन असते त्याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

वाचनालयात मुली हे गणित अचूक सोडवितात. मग त्यांच्यापैकी एखादी हळूच विचारते, "गुरुजी, पण हक्कसोडपत्रावर सही केली असेल तर?" तो प्रश्न कोणत्या पुस्तकातला आहे हे मी विचारीत नाही.

त्याचे उत्तर असे. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि वडील हयात असतील, तर त्या मिळकतीत मुलीला अजून हक्कच नाही. आहे ती आशा. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचे ६ वे कलम सांगते की, वारसा मिळण्याची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही. जे नाही ते सोडणार कसे? अशा सहीने वडिलांच्या मृत्यूनंतर मिळणारा हिस्सा सहसा बुडत नाही. सहीच्या बदल्यात मोबदला घेतला असेल, तर मात्र स्वतःच्या वर्तनाने तिला पुढे बोलता येते की नाही, हा वेगळा आणि कठीण वाद उभा राहतो. मिळकत वडिलोपार्जित असेल तर हक्क जन्मतःच आहे, म्हणून तो सोडताही येतो. परंतु खत नोंदणीकृत पाहिजे, साध्या कागदावरची किंवा तलाठ्यापुढची जबानी त्यासाठी पुरत नाही. नोंदणीकृत खतही फसवणुकीने किंवा अनुचित दडपणाने घेतले असेल तर ते रद्द करून मागता येते, पण खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

आपल्याकडे सही कशी घेतली जाते हे मी या सभागृहात समजावून सांगावे असे नाही. भाऊबीजेच्या दिवशी, जेवण झाल्यावर, साडीचोळी पुढे ठेवून, "ताई, तलाठ्याचा एक कागद आहे" असे म्हणून. ताई कागद वाचीत नाही, कारण भावाचा कागद वाचणे हे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. ती ताई कायद्याची पदवीधर असली तरी वाचीत नाही!

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी ज्या न्यायबुद्धीविषयी बोलतो तिचाच भंग होईल. आईवडिलांची दहा वर्षे शुश्रूषा केलेला भाऊ असतो, बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडलेला भाऊ असतो, आणि हे सर्व जाणून समजून-उमजून हिस्सा सोडणारी बहीणही असते. तिला कायद्याने आडकाठी नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला हक्काबरोबर मुलासारखीच दायित्वेही दिली आहेत. न्यायाधीशापुढे असा दावा आला तर 'भाऊ म्हणजे लबाड' किंवा 'बहीण म्हणजे लोभी' असे गृहीत धरून चालणार नाही. त्याने वादपत्र आणि कैफियत समोरासमोर ठेवून मुद्दे काढावेत: मिळकत कोणत्या प्रकारची, सही केव्हाची, खत नोंदलेले की नाही, सही करणारीला ते वाचून दाखविले होते काय. उत्तरपत्रिकेतही हेच करावे. ज्या मुलाने आपल्याच घरातल्या सहीकडे या नजरेने एकदा पाहिले आहे, त्याला हा प्रश्न परीक्षेत कठीण जाणार नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. आपल्या ज्ञातीत वकील मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी, त्यांत एक भगिनी असावी, महिन्यातून एक दिवस मंडळाच्या कार्यालयात बसावे, आणि कोणत्याही ज्ञातिभगिनीने सहीपूर्वी आणलेला कागद तिला वाचून, समजावून द्यावा. सही करू नकोस असे सांगू नये. कर असेही सांगू नये. या सूचनेवर काही कुटुंबे नाराज होतील हे मी जाणून आहे.

दुसरी सूचना उमेदवारांसाठी. २० मे २०२५ रोजी, अमरावतीचे सुपुत्र भूषण गवई सरन्यायाधीश असताना, त्यांच्या पीठाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी किमान तीन वर्षे वकिली केलेली असावी, ही २००२ मध्ये निघून गेलेली अट पुन्हा घातली. तिचे नेमके स्वरूप प्रत्येक भरतीच्या जाहिरातीतूनच पाहावे. अटीमागील हेतू मला मान्य आहे. ज्याने न्यायालयात उभे राहून दोन्ही बाजू कधी ऐकल्या नाहीत त्याने एकदम खुर्चीवर बसू नये. परंतु तालुक्याच्या न्यायालयात नव्या वकिलाला पहिली तीन वर्षे काय मिळते? घरी शेतीवाडी किंवा नोकरदार वडील असतील तर निभते. नसेल तर मुलगा दुसरी नोकरी धरतो, आणि मुलीचे लग्न ठरविण्याची घाई होते; ज्या वर्षी तिने परीक्षेला बसावयाचे त्याच वर्षी ती पुस्तके माळ्यावर जातात. आपली शिष्यवृत्ती आजवर पदवीपाशी थांबत आली आहे. ती या तीन वर्षांपर्यंत, निदान दोन उमेदवारांपुरती, वाढवावी, आणि त्या दोहोंत एक जागा मुलीसाठी राखून ठेवावी. अर्जात वडिलांचे उत्पन्न विचारावे, लग्न ठरले आहे काय हे विचारू नये.

रविवारचा वर्ग सकाळी आठ वाजता वाचनालयातच भरेल. पुढच्या वेळी साठेखताचा प्रश्न घेणार आहोत. विसार घेऊन विकणाऱ्याने शब्द फिरविला तर घेणाऱ्याने काय सिद्ध करावे, आणि २०१८ च्या दुरुस्तीने त्यात काय बदलले, हे पाहू. मूळ कायद्याचे पुस्तक आणावे. मार्गदर्शिका घरी ठेवाव्यात. ज्यांच्या घरी जुनी खरेदीखते, गहाणखते किंवा वाटणीपत्रे असतील त्यांनी त्यांच्या नकला, नावे झाकून, वाचनालयास दिल्यास मुलांना फार उपयोग होईल.